किरणोत्सर्गाला न जुमानणारे जिवाणू खातात तरी काय?

आडवाट
'किरणोत्सर्ग खाऊन जगणारा जिवाणू सापडला, अणुकचऱ्याचा प्रश्न मिटला' असा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या गटावर फिरतोय. सोबत चार लालसर गोळ्या एकमेकींना चिकटलेल्या, असं चित्र. शोधलं तर ते डायनोकॉकस रेडिओड्युरन्सचं निघालं. हा काही नवा नाही. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिसला आर्थर अँडरसन डबाबंद मांस गॅमा किरणांनी निर्जंतुक होतं का ते तपासत होते. सगळं मरावं इतका मारा करूनही मांस नासलं आणि त्यातून हा महाशय निघाला.

पण माझा प्रश्न खाण्याचा आहे. झाडं सूर्यप्रकाश वापरतात तसा हा गॅमा किरण वापरतो का? नसेल वापरत, तर याचं अन्न काय, आणि त्या अन्नाचा त्याच्या चिवटपणाशी काही संबंध आहे का? जाणकारांनी लिहावं.

भंडारा_एक्सप्रेस
थांबा थोडं. पुढच्या आठवड्यात हाच फॉरवर्ड 'युनेस्कोने मान्य केलं' अशी शेपटी लावून परत येईल.

पेट्रीडिश
सूक्ष्मजीवशास्त्र हा पोटापाण्याचा उद्योग असल्याने लिहिते.

नाही, डायनोकॉकस किरणोत्सर्ग खात नाही. त्याला त्यातून छटाकभरही ऊर्जा मिळत नाही. तो आपल्यासारखाच आयतं सेंद्रिय अन्न खाणारा आणि ऑक्सिजन घेणारा जीव आहे. प्रयोगशाळेत त्याला ट्रिप्टोन (म्हणजे अर्धवट पचवलेलं दुधातलं प्रथिन), ग्लुकोज आणि यीस्टचा अर्क असा मीडिया (जिवाणू वाढवायचं तयार अन्न) देतात. ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलं की दोन-तीन दिवसांत प्लेटवर गुलाबी-केशरी ठिपके दिसतात. हा रंग डायनोझॅन्थिन नावाच्या कॅरोटिनॉइडचा.

गंमत अशी की इतका दणकट जीव खाण्याच्या बाबतीत भयंकर परावलंबी आहे. ई. कोलायला ग्लुकोज आणि थोडे क्षार दिले की तो बाकी सगळं स्वतः बनवून घेतो. याला तसं जमत नाही. निकोटिनिक आम्ल, म्हणजे आपलं ब-३ जीवनसत्त्व, बाहेरून द्यावंच लागतं. नाहीतर एनएडी हा सहविकर (एन्झाइमांना कामात मदत करणारा रेणू) बनत नाही आणि चयापचय ठप्प होतो. साध्या सल्फेटातून गंधक घेऊन गंधकयुक्त अमिनो आम्लं बनवणंही त्याच्या आवाक्याबाहेरचं, त्यामुळे मिथिओनिनसारखं काहीतरी आयतं लागतं. १९९९ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला (दोन गुणसूत्रं, आणि प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची सुटी कडी, त्यातली एक मोठी, एक छोटी), तेव्हा असे बरेच मार्ग अर्धवट किंवा गायब दिसले.

उलट प्रथिनं फोडणारी एन्झाइम मात्र त्याच्याकडे भरपूर. आजूबाजूचं प्रथिन कुजवायचं, पेप्टाइड आत ओढायचे आणि त्यावर जगायचं, असा त्याचा खाक्या. मांसाच्या डब्यात सापडला यात नवल नाही.

सावलीतली
वाचतेय. पेट्रीडिशताई, ब-३ शिवाय चालत नाही म्हणजे आपल्यासारखाच की!

पेट्रीडिश
आपण ट्रिप्टोफॅनपासून थोडंफार तरी बनवू शकतो. त्या बाबतीत तो आपल्यापेक्षाही गरीब.

शंकेखोर
सगळं ठीक, पण मूळ मुद्दा सुटतोय. मी आजवर वाचलंय ते असं: या जिवाणूच्या प्रत्येक पेशीत जनुकसंचाच्या चार ते दहा प्रती असतात. गॅमा किरणांनी डीएनएचे शेकडो तुकडे झाले तरी काही तासांत तो ते एकमेकांवर जुळवून जोडतो. २००६ मध्ये मिरोस्लाव्ह राडमन यांच्या गटाने ही जोडणी कशी होते ते दाखवलं. डीएनए जोडायला लागणारं आरईसीए हे प्रथिन काढून टाकलं तर जिवाणू पटकन मरतो. म्हणजे चिवटपणा डीएनए-दुरुस्तीत आहे. खाण्यापिण्याचा याच्याशी काय संबंध?

पेट्रीडिश
चांगला प्रश्न. उत्तर जरा लांबेल.

दुरुस्ती लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण एक गोष्ट बघा. शेवानेला ओनिडेन्सिस नावाचा दुसरा जिवाणू आहे. त्यातले ९० टक्के जिवाणू ७० ग्रेमध्ये मरतात (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणोत्सर्गाचं माप). डायनोकॉकसला तेवढं नुकसान व्हायला दहा-बारा हजार ग्रे लागतात. (माणसाला सुमारे ५ ग्रे प्राणघातक ठरतात, अंदाजासाठी.) आता दर ग्रेमागे डीएनएचे तुकडे किती होतात ते मोजलं, तर दोघांत फारसा फरक नाही! आणि दुरुस्तीची अवजारंही शेवानेलाकडे बऱ्यापैकी आहेत. मग तो इतक्यात का मरतो?

अमेरिकेत बेथेस्डाच्या युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटीतले मायकेल डॅली यांनी २००४ मध्ये पेशींमधली धातूंची मोजणी प्रसिद्ध केली. डायनोकॉकसमध्ये मँगनीज आणि लोहाचं गुणोत्तर ०.२४ च्या घरात आलं, शेवानेलामध्ये ०.०१ पेक्षाही कमी. २००७ मध्ये पुढचा भाग आला: किरणोत्सर्गानंतर नाजूक जिवाणूंची प्रथिनं मोठ्या प्रमाणावर ऑक्सिडीकृत होतात, डायनोकॉकसची होत नाहीत.

म्हणजे असं: गावाचा नकाशा फाटला तर चिकटवता येतो, पण चिकटवणारा माणूसच मेला तर गोंद असून उपयोग नाही. डीएनए हा नकाशा, दुरुस्ती करणारी प्रथिनं ही माणसं. शेवानेलाची माणसंच आधी मरतात. डायनोकॉकस माणसं वाचवतो. आणि पुढे २०१० मध्ये राडमन यांनीही सहकाऱ्यासोबत प्रथिनांच्या संरक्षणाच्या बाजूनेच पुरावा दिला, हे तुमच्या माहितीसाठी. 😊

शंकेखोर
हं. पण मँगनीज नेमकं करतं काय?

रसायनवाला
हा भाग मी घेतो.

गॅमा किरण पेशीत शिरले की बहुतांश नुकसान थेट होत नाही. पेशीत पाणीच जास्त, ते फुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. हायड्रॉक्सिल तर मिळेल त्याला चावतो. आता पेशीत मोकळं फेरस लोह भरपूर असेल तर ते पेरॉक्साइडशी क्रिया करून आणखी हायड्रॉक्सिल बनवतं. ही फेंटन अभिक्रिया. म्हणजे लोहाने भरलेली पेशी स्वतःच्याच आगीत तेल ओतते.

द्विसंयुजी मँगनीज तसं करत नाही. उलट फॉस्फेट, न्यूक्लिओसाइड आणि छोटे पेप्टाइड यांच्यासोबत त्याचे लहान-लहान संकुल बनतात आणि ते सुपरऑक्साइड, पेरॉक्साइडचा निकाल लावतात. २०१० मध्ये डॅलींच्या गटाने डायनोकॉकसच्या पेशीरसातून प्रथिनं गाळून टाकली आणि उरलेला, लहान रेणूंचा रस दुसऱ्या एन्झाइमांमध्ये मिसळून किरण सोडले. एन्झाइम शाबूत राहिले. मग त्यांनी कृत्रिम कृती बनवली: मँगनीज, फॉस्फेट आणि दहा अमिनो आम्लांचा एक पेप्टाइड. २०२४ मध्ये डॅली आणि ब्रायन हॉफमन यांनी दाखवलं की हे तिघं मिळून जो एक संकुल बनतो, त्याची ताकद मँगनीजसोबत फक्त फॉस्फेट किंवा फक्त पेप्टाइड असताना मिळणाऱ्या ताकदीपेक्षा बरीच जास्त असते.

इथे आडवाट यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर लपलंय. हे तिन्ही घटक आहारातून आलेले आहेत. मँगनीज मीडियातून, फॉस्फेट मीडियातून, पेप्टाइड प्रथिनं पचवून. मीडियातलं मँगनीज अगदी कमी करून वाढवला तर हाच डायनोकॉकस किरणांसमोर लक्षणीय कच्चा पडतो. जनुकं तीच, फक्त ताट बदललं.

पेट्रीडिश
अगदी. आणि मारा झाल्यावरही आतला चयापचय बदलतो. २००३ मध्ये किरणोत्सर्गानंतर कोणती जनुकं चालू-बंद होतात ते तासातासाने बघितलं गेलं. सावरण्याच्या सुरुवातीच्या काळात क्रेब्स चक्रातले (अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या मुख्य चक्रातले) काही टप्पे मंदावतात आणि ग्लायऑक्सिलेटची आडवाट (धागाकर्त्याची क्षमा मागून) सुरू होते. या वळणाने गेलं की एनएडीएच (श्वसनसाखळीला इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू) कमी बनतं, श्वसनसाखळीवर भार कमी, आणि श्वसनसाखळीतून गळणारं सुपरऑक्साइडही कमी. घरात आधीच धूर झालेला असताना नवी चूल पेटवायची नाही, इतका शहाणपणा त्या चार गोळ्यांत आहे. ग्लुकोज मिळालं तर ते पेंटोज फॉस्फेट मार्गाने (ग्लुकोज मोडायच्या दुसऱ्या वाटेने) वळवून एनएडीपीएच हा बांधणीच्या कामाला लागणारा रेणू आणि डीएनएसाठी लागणारी शर्करा, दोन्ही मिळवता येतात. बिघडलेली प्रथिनं फोडून त्यातली अमिनो आम्लं परत वापरायची, आणि डीएनएचे खराब तुकडे पेशीबाहेर फेकायचे.

भंडारा_एक्सप्रेस
मँगनीज म्हणताच कान टवकारले. आमच्या भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची मोठी खाण आहे. म्हणजे आम्ही सगळे किरणोत्सर्गरोधक झालो म्हणायचं का? तसं असेल तर गोळ्या बनवून विकतो.

रसायनवाला
भाऊ, गोळ्या विकू नका. डोंगरी बुजुर्गचं खनिज मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, म्हणजे चतुःसंयुजी. ते सुक्या बॅटऱ्यांना उत्तम. जिवाणूला हवं असतं ते द्विसंयुजी, विरघळणारं. आणि माणसाचं शरीर मँगनीज मोजूनमापून ठेवतं. खाणीत किंवा वेल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं त्याची धूळ-धूर श्वासातून गेला तर मेंदूवर परिणाम होतो, पार्किन्सनसारखी लक्षणं दिसतात. हा आजार जुना आणि ओळखीचा आहे. 'डायनोकॉकसचा फॉर्म्युला' म्हणून कोणी पूरक आहार विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

पेट्रीडिश
मँगनीजवर जगण्याची युक्ती फक्त याच्याकडे नाही, हे सांगायचं राहिलं. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा आंबवलेल्या पदार्थांतला जिवाणू. त्याच्याकडे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइमच नाही. आर्चिबाल्ड आणि फ्रिडोविच यांनी १९८१ मध्ये दाखवलं की तो पेशीत भरमसाट मँगनीज साठवून त्याच्याकडूनच ते काम करून घेतो. लॅक्टोबॅसिलस वाढवण्याच्या नेहमीच्या मीडियात मँगनीज सल्फेट घालतात ते उगाच नाही.

नाशिककर_मनीषा
माझा अगदी घरगुती प्रश्न. आमचा छोटा मसाल्यांचा व्यवसाय आहे. काही माल विकिरण करून घेतो. लासलगावला कांद्याचंही करतात. आता तुमचं वाचून धडकी भरली. हा जिवाणू त्यातून जिवंत राहत असेल तर?

निवृत्त_तुर्भेकर
मनीषाताई, घाबरू नका. माझं आयुष्य या क्षेत्राच्या आसपास गेलं, म्हणून थोडं सांगतो.

लासलगावचं कृषक केंद्र २००२ पासून आहे. कांद्याला तिथे जो डोस देतात तो ६० ते ९० ग्रे. तो जंतू मारायला नसतोच, कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून असतो. २००७ पासून अमेरिकेला आंबा जाऊ लागला, त्याला किमान ४०० ग्रे, तो फळमाशी आणि कोयीतल्या भुंग्यासाठी. मसाल्यांचा डोस खूप मोठा, ६ ते १४ किलोग्रे. हो, त्या डोसला डायनोकॉकसच्या काही पेशी तगू शकतात, हे खरं.

पण तो रोग करत नाही. बीजाणू बनवत नाही, त्यामुळे फोडणीत किंवा उकळीत सहज मरतो. कोरड्या मसाल्यात वाढायला त्याला पाणीच मिळत नाही. विकिरणाचा हेतू साल्मोनेला, ई. कोलाय यांना मारणं हा असतो, आणि ते यापेक्षा फार कमी डोसमध्ये जातात. तुम्ही खरं लक्ष द्यायचं ते विकिरणानंतर. पाकीट फुटलेलं नको, ओल शिरायला नको. एकदा शुद्ध झालेला माल पुन्हा बाहेरच्या जंतूंनी खराब झाला तर किरण काही मागे येऊन मारत नाहीत.

नाशिककर_मनीषा
धन्यवाद काका. पाकिटांचं बघते, मागच्या वेळी सीलिंगच ढिलं होतं.

शंकेखोर
काका, एक विचारतो. कोरडं असताना वाढत नाही हे कळलं. पण कोरडं असताना जास्त चिवट असतो ना?

निवृत्त_तुर्भेकर
हो. पाणी कमी म्हणजे रसायनवाल्यांनी सांगितलेले ते रॅडिकल कमी. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने डायनोकॉकस वाळवून, मंगळासारख्या थंडीत गोठवून मारा केला. १,४०,००० ग्रेनंतरही काही पेशी जिवंत होत्या. जपानच्या तानपोपो प्रयोगात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर तीन वर्षं ठेवलेल्या सुक्या ढेपांतलेही काही वाचले. वरचे थर मेले, त्यांच्या आडोशाने खालचे तगले.

मुळात पृथ्वीवर कुठेच इतका किरणोत्सर्ग नैसर्गिकरीत्या नाही. मग हा गुण आला कुठून? मॅटिमोर आणि बॅटिस्टा यांनी १९९६ मध्ये मांडलं की तो कोरडेपणाविरुद्धच्या तयारीचा जोडलाभ आहे. वाळतानाही डीएनएचे तुकडे होतात आणि प्रथिनं बिघडतात. मला तरी हे पटतं.

जोबर्गकर
मूळ प्रश्नात एक वेगळा धागा जोडतो, कारण तो इथला आहे. जोहान्सबर्गच्या पश्चिमेला म्पोनेंग ही सोन्याची खाण. २.८ किलोमीटर खोलीवरच्या भेगांतल्या पाण्यात डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर नावाचा जिवाणू सापडला. २००८ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्या पाण्यात ९९.९ टक्क्यांहून जास्त हाच एकटा!

तिथे खडकात युरेनियम आहे. त्याच्या किरणोत्सर्गाने पाणी फुटतं आणि हायड्रोजन सुटतो. त्याच रसायनक्रियेतून खडकातल्या गंधकाचं सल्फेट बनतं. हा जिवाणू हायड्रोजन आणि सल्फेट वापरून ऊर्जा मिळवतो. कार्बन स्वतः बांधतो, नायट्रोजन स्वतः बांधतो, अमिनो आम्लं सगळी स्वतः बनवतो. सूर्य नको, दुसरा जीव नको.

म्हणजे 'किरणोत्सर्गावर जगणारा' ही पदवी द्यायचीच तर याला द्या. तीही आडून, कारण तो खातो हायड्रोजन.

पेट्रीडिश
वा, हे सुंदर जोडलंत. आणि मजा बघा, म्पोनेंगचा हा जिवाणू किरणांसमोर विशेष चिवट म्हणून ओळखला जात नाही. तिथला किरणोत्सर्ग मंद, पण लाखो वर्षं अखंड. किरण सोसणं आणि किरणांमुळे पोट भरणं या दोन वेगळ्या विद्या आहेत.

सावलीतली
आणि चेर्नोबिलची ती काळी बुरशी?

पेट्रीडिश
क्लॅडोस्पोरियम वगैरे. ती बुरशी, जिवाणू नव्हे. २००७ मध्ये एकातेरीना दादाचोवा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मेलॅनिन असलेल्या काही बुरशा किरणोत्सर्गात जास्त वाढतात आणि मेलॅनिनचे इलेक्ट्रॉनिक गुणधर्म बदलतात. त्यातून प्रकाशसंश्लेषणासारखी अन्ननिर्मिती होते हे मात्र सिद्ध झालेलं नाही. फॉरवर्डवाल्यांनी बहुधा ही बुरशी आणि डायनोकॉकस एकाच पातेल्यात ढवळलेत.

आडवाट
धागा कुठल्या कुठे गेला, मजा आली. शेवटचा प्रश्न: मग अणुकचऱ्याचं काय? ते सगळं थापच का?

निवृत्त_तुर्भेकर
थाप नाही, पण 'चुटकीसरशी' नक्कीच नाही. आधी एक पक्कं समजून घ्या: कोणताही जिवाणू युरेनियमचा किंवा सीझियमचा किरणोत्सर्ग संपवू शकत नाही. अर्धायुष्य जिवाणूच्या चयापचयाने बदलत नाही. जिवाणू फार तर विरघळलेला धातू गोळा करू शकतो, किंवा सोबतची विषारी रसायनं मोडू शकतो.

अमेरिकेत शीतयुद्धाच्या काळातला प्रचंड कचरा पडून आहे. एकट्या हॅनफर्डला १७७ भूमिगत टाक्या. १९९८ मध्ये डॅलींच्या गटाने टोल्युइन मोडणारी जनुकं डायनोकॉकसमध्ये घातली, २००० मध्ये पाऱ्याचं विष कमी करणारी. आणि मग पेट्रीडिशताईंनी सुरुवातीला सांगितलेली अडचण समोर आली, खाण्याची. त्याच साली त्यांनी दाखवलं की चांगल्या मीडियात हा जिवाणू तासाला सुमारे ६० ग्रे सतत पडत असतानाही वाढतो, पण अन्न तुटपुंजं असलं तर सततच्या किरणांखाली वाढ थांबते. एकदाच मोठा मारा सोसून जिवंत राहणं वेगळं आणि रोज मार खात कामाला येणं वेगळं. कचऱ्याच्या टाकीत त्याला मिथिओनिन आणि ब-३ कोण वाढणार?

शंकेखोर
मग अशा ठिकाणी आधीपासून राहणारे जिवाणूच वापरावेत ना.

पेट्रीडिश
ती दिशाही आहेच. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हरच्या अणुकचऱ्यातून किनिओकॉकस रेडिओटॉलरन्स सापडला. तो फॉर्मेट आणि ऑक्झलेट यांसारख्या छोट्या आम्लांवरही तग धरू शकतो, आणि ऑक्झलेट अणुप्रक्रियेच्या कचऱ्यात असतंच. म्हणजे त्याला तिथेच ताट वाढलेलं. पण त्याच्यात जनुकं घालण्याची साधनं डायनोकॉकसइतकी हाताशी नाहीत.

निवृत्त_तुर्भेकर
आणि दुसरी वाट आपल्या ट्रॉम्बेत काढली गेली, ती मला जास्त व्यवहारी वाटते. भाभा अणुसंशोधन केंद्रात श्री कुमार आपटे आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये डायनोकॉकसमध्ये पीएचओएन नावाचं जनुक घातलं. ते एका फॉस्फेटेज एन्झाइमचं, आणि मूळचं टायफॉइडच्या साल्मोनेलातलं (रोग करणारा भाग नाही, फक्त एवढं एकच एन्झाइम). मग युरेनियमच्या विरळ द्रावणात बीटा-ग्लिसरोफॉस्फेट टाकायचं. एन्झाइम त्यातून फॉस्फेट सोडवतं, युरेनियम फॉस्फेटसोबत बसतं आणि पेशींवर साचतं. ०.८ मिलिमोलर द्रावणातलं ९० टक्क्यांहून जास्त युरेनियम सहा तासांत खाली बसलं, ६,००० ग्रे दिल्यानंतरसुद्धा. क्षारधर्मी कचऱ्यासाठी नंतर पीएचओके हे वेगळं फॉस्फेटेज वापरलं.

यात मेख अशी की युरेनियम बसवताना पेशी वाढावी लागत नाही. तिला ब-३ नको, मिथिओनिन नको. २०११ मध्ये त्याच गटाने या पेशी गोठवून वाळवून भुकटी करून ठेवली, आणि ती खोलीच्या तापमानाला सहा महिने टिकून काम करत राहिली. प्रयोगशाळेत भरपूर खाऊ घालून वाढवायचा, मग वाळवायचा, आणि कामावर उपाशीच पाठवायचा.

भंडारा_एक्सप्रेस
म्हणजे कंत्राटी कामगार.

रसायनवाला
😄 त्यात बीटा-ग्लिसरोफॉस्फेटचा खर्चही धरा. प्रयोगशाळेत तो जाणवत नाही, हजारो लिटर कचरा आला की जाणवेल.

पेट्रीडिश
बरोबर. आणखी एक उपयोग लिहून टाकते, कारण तो बहुतेक लोकांच्या लक्षात येत नाही. रसायनवाल्यांनी सांगितलेला मँगनीज-फॉस्फेट-पेप्टाइड संकुल लसींसाठी वापरून बघितलाय. २०१२ मध्ये डॅलींच्या गटाने तो घालून स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि एका विषाणूवर मोठा मारा केला. जनुकसंचाच्या चिंधड्या झाल्या, पण पृष्ठभागावरची प्रथिनं शाबूत राहिली, आणि उंदरांमध्ये प्रतिकारशक्ती तयार झाली. जिवाणूने स्वतःला वाचवायला जमवलेलं रसायन दुसऱ्या जंतूंना नेमकं हवं तेवढंच मारायला कामी आलं.

आडवाट
सर्वांचे आभार. सोसायटीच्या गटावर उत्तर लिहितोय: "खात नाही, सोसतो. आणि त्यासाठी त्याला रोज जेवायला लागतं." निवृत्त काका, त्या भुकटीवर पुढे काय झालं ते कधी सवडीने वेगळ्या धाग्यात लिहा.